दांड्यावरचा हात

जनरेटर नेहमी साउंडपासून लांब ठेवायचा असतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झाडाच्या नाहीतर भिंतीच्या आडोशाला. म्हणजे धूर माणसांवर येत नाही आणि इंजिनाची धडधड गाण्यात मिसळत नाही. मग तिथून केबल ओढत आणायची, एकेक करून ॲम्प सुरू करायचे, आणि बंद करताना आधी ॲम्प, मग इंजिन. हा क्रम चुकला की ॲम्प जळतात आणि आयोजकांच्या शिव्या खाव्या लागतात. इतकं सोपं काम आहे.

मी अर्विन. आठवडाभर पाण्याच्या पंपहाउसवर इलेक्ट्रिशियन आणि सुट्टीच्या दिवशी ‘डीप वेल’ साउंडचे ॲम्प सांभाळणारा. हा साउंड, म्हणजे गाणी वाजवायचा सगळा संच, विन्सीचा. रेकॉर्डही तोच लावतो आणि माइकवरही तोच बोलतो; खरं तर त्याला माइकची गरज नाही, त्याचा आवाज तसाही दरीपलीकडे जातो. आमच्या बेटाच्या सेंट थॉमस भागातल्या या वरच्या डोंगरात विजेची तार चर्चपाशी येऊन थांबली आहे. त्यामुळे लग्न असो, मेळा असो की मयत, गाणी वाजवायची तर जनरेटर लागतोच.

आणि आमचा जनरेटर म्हणजे मास टॉल्बर्ट. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही ‘मास’ म्हणतो.

बेसचा ठोका पडला की ॲम्प एकदम वीज ओढतात. इंजिन दबतं, आवाज फाटतो. ठोका सरला की इंजिन सुसाट सुटतं आणि व्होल्टेज वर जातं. हे सांभाळायला इंजिनावर गव्हर्नर असतो, तो लागेल तसं डिझेल कमीजास्त करतो. आमचा गव्हर्नर फार पूर्वीच मेला होता. मास टॉल्बर्टने तो काढून टाकला आणि डिझेलचा दांडा स्वतःच्या हातात घेतला. इंजिनाच्या डाव्या अंगाला सोड्याच्या बाटल्यांचा एक लाकडी क्रेट उपडा टाकायचा, गर्दीकडे पाठ करून त्यावर बसायचं आणि दांडा पुढेमागे करत राहायचं. प्रत्येक रेकॉर्ड त्याला पाठ होती. ठोका पडायच्या किंचित आधी तो दांडा पुढे ढकलायचा. माझ्या फळीवरच्या व्होल्टमीटरचा काटा खिळा ठोकल्यासारखा जागेवर राहायचा. मी कितीदा म्हटलं, नवा गव्हर्नर बसवून टाकू. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं.

“मग मी काय करू रे? घरी बसून बायकोचं तोंड बघू?”

नाताळाच्या आधी मास टॉल्बर्ट झोपेतच गेला. नवव्या रात्री आम्ही सगळे त्याच्या घरी होतो. रीतीप्रमाणे त्याचा पलंग फिरवला, गादी उलटी केली, आरसा झाकला, कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं आणि पुढच्या दाराचं कुलूपही बदललं. गेलेला माणूस परत आला तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये आणि त्याने वाट धरावी, यासाठी हे करतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण कपाट जड होतं आणि मला हाक मारली, म्हणून मीही एका बाजूने ढकललं.

थडगं बांधायचा दिवस नंतर ठरला. आमच्याकडे माणूस घरामागच्या आपल्याच जमिनीत पुरतात आणि सवडीने वर सिमेंटचं थडगं चढवतात. सगळं गाव येतं. पुरुष ब्लॉक रचतात, बायका बकरा शिजवतात, रम जमिनीवर शिंपडतात आणि साउंड वाजतो. थडगं दिवस मावळायच्या आत बंद व्हायला हवं. तोपर्यंत मेलेला आत येऊन निजला तर बरं. नाही निजला, तर तो सोबत शोधतो.

हे मला मिस आयसीने त्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकवलं. मास टॉल्बर्टची बायको. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कांदापात निवडत होती. चेहरा पार उतरला होता.

“तो गेलेला नाही, अर्विन. ग्लेनरॉय रात्री उठतो आणि जनरेटरच्या शेडमध्ये जाऊन झोपतो. सकाळी विचारलं तर म्हणतो, मम्मा, मला काही आठवत नाही.”

“बाप गेलाय त्याचा, मिस आयसी. माणूस कुठेही झोपतो अशा वेळी.”

“माझा एकच आहे तो. थोरले दोघं इंग्लंडला गेले ते मला मेलेच.” तिने पात टोपलीत टाकली. “आज टॉल्बर्ट आत निजला नाही, तर तो माझ्या पोराला नेईल. तुला हसायचं तर हस.”

मी हसलो नाही. मला तिची कीव आली, आणि थोडा रागही आला. पस्तिशीचा धडधाकट सुतार पोरगा, त्याला कोण नेणार?

दुपार चढली तरी ऊन पडलं नाही. ढग डोंगरावरून खाली उतरून कॉफीच्या झाडांत बसले होते, आणि पाऊस नव्हता तरी सगळं ओलं होतं. विन्सीच्या पिकअपमधून आम्ही स्पीकरचे बॉक्स उतरवले. जनरेटर ढकलत वरच्या सीडरच्या झाडामागे नेला. धुराड्याचं तोंड दरीकडे, इंजिन गर्दीकडे पाठ करून. डाव्या अंगाला कुणीतरी तो क्रेट उपडा टाकला. बहुतेक मीच असेन. आमच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

ग्लेनरॉय क्रेटवर जाऊन बसला.

“याला बसवतोस दांड्यावर?” विन्सी माझ्या कानाशी आला. “चर्चमध्ये पाद्र्याने याला गायनात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. हा टाळी वाजवतो ती पुढच्या रविवारची असते.”

“मग तू बस.”

“मी बसलो तर बोलणार कोण?”

मी ॲम्पचे जास्तीचे फ्यूज खिशात टाकले आणि वाईटाची तयारी ठेवली. विन्सीने पहिली रेकॉर्ड लावली. बेस पडला. बॉक्ससमोरची ओली पानं हलली.

काटा हलला नाही.

दुसरी रेकॉर्ड, तिसरी. काटा तिथेच. विन्सी माइकवर ओरडला, “रक्तात असतं बाबांनो, रक्तात!” आणि लोक हसले. मीही खूश झालो. महिनाभर मला एकच घोर होता की मास टॉल्बर्टनंतर हा साउंड चालायचा कसा. ब्लॉक चढत होते, फावडी गाण्याच्या ठेक्यात सिमेंटमध्ये पडत होती, बकऱ्याच्या मुंडीच्या सूपची वाफ धुक्यात मिसळत होती. एखाद्याच्या थडग्याचा दिवस जितका बरा जाऊ शकतो, तितका जात होता.

तेवढ्यात मिस आयसी खुर्चीवरून उठून माझ्याकडे आली. तिची मान तिरकी होती, लांबची हाक ऐकणाऱ्या माणसासारखी.

“दांड्यावर कोण आहे?”

“ग्लेनरॉय.”

“ग्लेनरॉय तो बघ.”

मी पाहिलं. ग्लेनरॉय थडग्यापाशी उभा राहून गवंड्याच्या हातात ब्लॉक देत होता. बाह्या दुमडलेल्या, हात सिमेंटने माखलेले. म्हणजे तो नुकताच आलेला नव्हता.

मी काट्याकडे पाहिलं. खिळा ठोकल्यासारखा.

“ग्लेनरॉय! दांडा कुणाकडे दिलास?”

“कुणाकडे नाही,” तो तिथूनच म्हणाला. “तारेने बांधून आलोय. तूच म्हणालास ना, चांगलं चाललंय?”

असं काही मी म्हटलं नव्हतं. मी तिथे गेलोही नव्हतो. आणि बांधलेला दांडा असा काटा धरूच शकत नाही. बेस पडला की काटा पडणार, बेस गेला की चढणार. याला अपवाद नाही. मी केबलच्या कडेने सीडरमागे गेलो. गवत ओलं होतं आणि केबल त्यात काळ्या सापासारखी पडली होती. मला भीती वाटत नव्हती. मी मनात कारणं जुळवत होतो: घसटलेली कडी, इंजिनाची थरथर.

क्रेट रिकामा होता. तार सुटून गवतात पडली होती. दांडा हलत होता. पुढे, मागे, थोडा पुढे, पूर्ण पुढे. आणि मग झाडापलीकडून बेसचा ठोका.

मी दांड्याला हात लावला. थरथर असती तर हाताला कळली असती. थरथर नव्हती. एक सावकाश, ओळखीचा दाब होता, जसा भरल्या ताटावर झाकण ठेवताना असतो. सगळा दांडा दवाने गार होता. फक्त मूठ होती तेवढी जागा कोमट.

मी हात काढून घेतला. पँटला पुसला.

परत येऊन मी विन्सीला म्हटलं, “रेकॉर्ड उचल.”

“का? लोक—”

“उचल म्हणतो ना.”

त्याने सुई उचलली. गाणं थांबलं. फावडी थांबली. आता ॲम्पवर भार नव्हता. इंजिन हलकं व्हायला हवं होतं, एकसुरी फिरायला हवं होतं.

ते दबत होतं. सुटत होतं. पुन्हा दबत होतं. सीडरमागून तो आवाज येत राहिला, ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा, आणि काटा जागचा हलला नाही. कुणीतरी वीज ओढत होतं. आमच्या सगळ्या बॉक्समधून नुसती शांतता येत होती.

विन्सी त्याच्या पेटीवर वाकला होता. पुढची रेकॉर्ड त्याच्या हातात होती. तो ती खालीही ठेवेना आणि लावेनाही. ओठ हलवत तो इंजिनाच्या मागेमागे काहीतरी मोजत होता.

“अर्विन,” तो म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “हे याच रेकॉर्डचं चाललंय. मी अजून लावलेली नाही.”

मिस आयसीने आमच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे.

“यंत्र असं कुणी ठेवलं?”

विन्सीने माझ्याकडे पाहिलं.

“घरातलं सगळं फिरवलंत. पलंग फिरवलात. पलंगावर तो किती होता? तो इथे असायचा. आणि हे तुम्ही तसंच ठेवलंत? त्याच झाडामागे, त्याच अंगाला?”

खरंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी ते जड कपाट ढकललं होतं, कुलूप बदललं होतं. क्रेट मात्र मी डाव्या अंगालाच टाकला होता.

“ग्लेनरॉय कुठे आहे?” ती म्हणाली.

थडग्यापाशी तो नव्हता. गवंडी हात पुढे करून उभा होता, ब्लॉकची वाट बघत.

आम्ही धावलो.

तो क्रेटवर बसला होता. आमच्याकडे पाठ. उजवा हात दांड्यावर.

“ग्लेनरॉय, ऊठ,” मिस आयसी म्हणाली.

“थांब. गाणं संपू दे.”

“ऊठ बाळा. मम्मा सांगतेय ना.”

तो उठला नाही. मी परत पळत जाऊन ॲम्प बंद केले, एकामागून एक. तेवढी अक्कल अजून शाबूत होती. इंजिन तसंच दबत होतं. पुन्हा धावत आलो आणि डिझेलची तोटी बंद केली.

ते लगेच थांबलं नाही. नळीतलं डिझेल संपेपर्यंत थोडा वेळ चालतंच. ते त्याहून जास्त वेळ चाललं. मग एक लांब दम टाकून थांबलं.

ग्लेनरॉयची बोटं विन्सीने एकेक करून सोडवली.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. पाच-सहा जणांनी मिळून जनरेटर फिरवला, झाडापुढे आणला, धुराडं वरच्या अंगाला केलं. कुणीतरी क्रेट दरीत भिरकावला. तो खाली खडकांवर फुटल्याचा आवाज आला. विन्सीने तिथल्या जमिनीवर अख्खी बाटली रम ओतली. एरवी तो आपला ग्लास दुसऱ्याला हुंगूही देत नाही. मग मी इंजिन सुरू केलं आणि गवंड्याच्या भावाला दांड्यावर बसवलं.

काटा वेड्यासारखा नाचायला लागला. गाणं फाटलं, चिरकलं, दबलं. इतका घाणेरडा आवाज ‘डीप वेल’मधून कधी निघाला नव्हता, आणि मला तो ऐकून रडू यायचं बाकी होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. उजेड होता तोवर थडगं बंद झालं. मिस आयसीने ओल्या सिमेंटवर हात ठेवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. ग्लेनरॉय तिच्या शेजारी उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला होता. तो थकलेला दिसत होता, एवढंच.

जाताना ती मला म्हणाली, “गेला तो. माझा पोरगा राहिला.” मी मान हलवली. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी केबल आणायला त्यांच्याकडे गेलो. ग्लेनरॉय व्हरांड्यात रस्त्याकडे पाठ करून बसला होता, मोडकी खुर्ची दुरुस्त करत.

“ये अर्विन. जेवून जा,” तो वळून न बघता म्हणाला.

आत मिस आयसीने चुलीवर दोन भांडी चढवली होती. मोठ्यात भात आणि कोंबडी, आणि लहान पातेल्यातही तेच. मला भूक लागली होती आणि आमच्यात मानपान नाही. मी लहान पातेल्यातलाच एक घास चमच्याने तोंडात घातला. अळणी होता. मी मिठाच्या बरणीकडे हात नेला तर तिने माझं मनगट धरलं.

“ते त्याचं आहे. तू मोठ्यातलं घे.”

मेलेल्यासाठी काढलेल्या पानात आमच्याकडे मीठ घालत नाहीत. त्यांना ते सोसत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मी चमचा खाली ठेवला.

“ब्लडप्रेशर निघालं का ग्लेनरॉयला? डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरकडे नेलं नाही. थडगं बांधलं त्याच रात्री घास थुंकून टाकला. म्हणाला, मम्मा, जळतंय.”

“धूर गेला असेल घशात. इतका वेळ त्या धुराड्यापाशी बसला होता. घसा सोलवटला असेल, होईल बरा.”

“हो,” ती म्हणाली. लहान मुलाला हो म्हणतात तसं.

बाहेर ग्लेनरॉय काम करता करता गुणगुणत होता. सुरात. रंध्याची प्रत्येक ओढ बरोबर ठेक्यावर पडत होती. मी ऐकत राहिलो.

“सगळं फिरवलं आपण, अर्विन,” मिस आयसी हलकेच म्हणाली. “सगळं फिरवलं.” तिने व्हरांड्याकडे पाहिलं. लहान पातेल्यातलं वाढून तिने ताट नीट पुसलं आणि कडेला केळ्याचा तुकडा ठेवला.

“तुम्ही एकट्या राहू नका इथे,” मी म्हणालो. “माझ्या बहिणीकडे चला थोडे दिवस.”

“कशाला? तो जेवतो. झोपतो. माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझा एकच आहे तो, मी त्याला काही विचारणार नाही. तूही विचारू नकोस.”

जेवण झालं. मी केबलचं वेटोळं खांद्यावर घेतलं. व्हरांड्यातला रंधा थांबला आणि ग्लेनरॉय उठला. “चल, तुला रस्त्यापर्यंत सोडतो,” तो म्हणाला.

“तो जाईल एकटा,” मिस आयसी दारातून म्हणाली. “तू बस. तुझं ताट वाढलंय.”

मग ती पायरी उतरून माझ्याजवळ आली, जणू निरोप द्यायला, आणि आपल्या मुलाकडे पाठ करून तिने माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. माझी बोटं तिने स्वतः मिटली.

“मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत उघडू नकोस,” ती म्हणाली.

मोठा रस्ता आला. मी मूठ उघडली नाही.